पंधरा दिवसांचा नियम

"हनुवटी एकच ठेवा," बँकेतले साहेब म्हणाले.

फोटोवालीनं पडद्यावरची नजर न हलवता विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे आता दोन दिसतायत ना, त्यातली खालची काढा."

सकाळपासूनचं हे चौथं गिऱ्हाईक. पहिलीला नाक हवं होतं, पण स्वतःचं नको होतं. दुसऱ्याला डोक्यावर केस हवे होते, "फार नकोत, कुणाला शंका येणार नाही एवढेच." तिसरीनं तर आवाज खाली आणून विचारलं होतं की घरच्यांच्या फोटोतून एक नणंद तेवढी कमी करता येईल का. फोटोवालीच्या कपाळातली शीर ठणकायला लागली होती. ती उठली आणि भिंतीवरच्या पाटीवर तिनं बोट ठेवलं. पाटी तिनं स्वतः रंगवली होती, चांगल्या ठसठशीत अक्षरांत, आणि आजवर एकाही माणसानं ती वाचली नव्हती.

'पंधरा दिवसांनी चेहऱ्यावर जे नसेल, ते काढू. पंधरा दिवसांनीही जे असेल, ते राहील.'

"पुटकुळी जाईल," ती म्हणाली. "दाढी करताना कापलंय, ते जाईल. नाकावरचा चष्म्याचा वळ जाईल. हनुवटी मात्र तुमच्याबरोबर घरी येणार."

साहेबांचा चेहरा पडला, आणि पडल्यावर तिसरी हनुवटी दिसली. मागच्या टेबलाकडून कुणीतरी घसा खाकरला. "बसा हो साहेब. बघतो मी."

"आप्पा!"

"मी काय म्हटलं? बसा म्हटलं. बसायलाही तुझा नियम आहे का?"

आप्पा म्हणजे तिचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. हा स्टुडिओ त्यांनीच उभा केलेला. त्यांच्या काळी तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून दिवा लावायचा, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं आणि श्वास रोखून एकेक सुरकुती भरत जायचं. श्वास सुटला की हात हलला, हात हलला की चेहरा गेला. असे हजारो चेहरे त्या काचेवरून गेले. देवीचे वण गेले, डोळ्यांखालची काळजी गेली, पडलेल्या दातांची खळगी भरून निघाली. माणसं फोटो हातात घेऊन आधी बघत, मग हसत, मग आप्पांचा हात हातात घेत. त्या हातांची ऊब आप्पांच्या हातातून अजून गेली नव्हती, आणि दुखणं नेमकं तेच होतं.

कॉम्प्युटर आल्यावर त्यांनी सत्तराव्या वर्षी तो शिकून घेतला. म्हणजे एक गोष्ट शिकून घेतली. त्यांना मेल उघडता येत नव्हती, फाइल शोधता येत नव्हती, कॉम्प्युटर बंद करायचा तर ते सरळ भिंतीवरचं बटण दाबत. पण डाग पुसायचा ब्रश त्यांना असा वश झाला होता, की मुलीनं चहा ओतेपर्यंत समोरच्याची वीस वर्षं जायची.

तेव्हा दोघांत वाटणी झाली. उजेड लावायचा, फोटो काढायचा, नियमात बसेल तेवढाच स्वच्छ करायचा, हे मुलीचं. छापायचा, कापायचा, पाकिटात घालून द्यायचा, हे आप्पांचं. वाटणी चांगली होती. फक्त मुलीचं टेबल आणि छपाईचं यंत्र यांच्या मधे आप्पा बसत होते.

शिलाईवाल्या मावशी आल्या त्या सोमवारी.

त्यांचं शिवणाचं दुकान दोन इमारती सोडून पलीकडे. नवरा गेल्यावर सहा वर्षांपूर्वी त्या माहेरच्या गावी परतल्या आणि एका मशीनवर दुकान मांडलं. फोटोवाली त्यांच्याकडूनच कपडे शिवून घ्यायची. एक गोष्ट मात्र तिच्या कधीपासून लक्षात आली होती. मावशी स्टुडिओवरून कधी जायच्या नाहीत. दुकानातून निघायच्या, स्टुडिओ चार पावलांवर आला की रस्ता ओलांडायच्या आणि पुढे गेल्यावर पुन्हा अलीकडे यायच्या. पलीकडच्या फुटपाथवर दुपारभर ऊन असतं, तरी जायच्या. फोटोवालीनं कधी विचारलं नाही. म्हटलं, असेल एखादीची चाल.

त्या दिवशी मात्र त्या आत आल्या. दाराशी येईतो नजर पायाशी.

"व्हिसाचा फोटो पाहिजे गं पोरी. लेक अवघडलीय. डॉक्टरनी पलंगावरून हलू नको म्हणून सांगितलंय. जावई जहाजावर. पुढच्या महिन्यात बाळ येईल, आणि घरात पाणी द्यायला माणूस नाही."

"बसा मावशी. दहा मिनिटांत देते."

मावशींच्या कपाळावर एक रेघ होती. केसांतून निघायची, कपाळ उतरायची आणि डाव्या भुवईला मधोमध चिरून तिथंच थांबायची. शेतात पायवाट उतरावी तशी. फोटोवालीनं फोटो काढला. काही काढायचं नव्हतंच. फाइल आप्पांकडे गेली, आप्पांनी छापून, कापून, पाकिटाचं तोंड चिकटवून दिलं. मावशींनी पाकीट न उघडता पिशवीत टाकलं.

"बघा तरी," फोटोवाली म्हणाली.

"माझ्या फोटोकडे मी बघत नाही. तू काढलायस ना, झालं तर."

मंगळवारी मावशी परत. अर्जावर शिक्का, 'चेहरा जुळत नाही.'

"तिथं खिडकीवर एक कॅमेरा आहे. तो माझ्याकडे बघतो, मग फोटोकडे बघतो, आणि नाही म्हणतो."

"कॅमेऱ्याचं डोकं फिरलंय," फोटोवाली म्हणाली. तिनं पांढरा पडदा बदलला, दिवा बदलला, मावशींना केस आणखी मागे घ्यायला लावले, पुन्हा फोटो काढला. आप्पांनी छापून, कापून, चिकटवून दिलं.

बुधवारी पुन्हा तोच शिक्का. आता फोटोवालीचं टाळकं सरकलं. मावशींना त्यांच्या दुकानी पाठवून ती तरातरा व्हिसाच्या ऑफिसात गेली. रांगेत पाऊण तास उभी राहिली, आणि त्या पाऊण तासात काय काय बोलायचं ते तिनं तीनदा घोळवून घेतलं.

"हे बघा," ती खिडकीतल्या कारकुनाला म्हणाली, "आमच्या स्टुडिओत कुणाच्या चेहऱ्याला बोट लावत नाहीत. भिंतीवर पाटी आहे तशी. माणूस येईल तसा फोटो जाईल. तुमचं यंत्र दुरुस्त करा. एक आई तिकडे लेकीचं बाळंतपण करायला निघालीय, आणि तुम्ही तिला तिच्याच चेहऱ्यावरून अडवताय?"

मागच्या रांगेतून कुणीतरी "बरोबर आहे बाई" म्हणालं. फोटोवालीला आणखी जोर चढला. "मी अठरा वर्षं हे काम करतेय! मी एक केस हलवत नाही!"

कारकुनानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं अर्ज काचेखालून तिच्याकडे सरकवला आणि फोटोवर पेनचं टोक टेकवलं. "मॅडम, आमच्या कॅमेऱ्यात इथं एक रेघ आहे. तुमच्या फोटोत ती दाखवा. मी लगेच शिक्का मारतो."

फोटोवालीनं पाहिलं. कपाळ धुतलेल्या ताटासारखं लख्ख. भुवई अखंड.

तिनं फोटोवरून अंगठा घासून पाहिला. मघाचा 'बरोबर आहे'वाला आता छताकडे बघत होता.

"दोन नकार झाले," कारकून म्हणाला. "तिसरा झाला तर फाइल सहा महिने बंद. आणि शुक्रवारनंतर ही खिडकीच बंद, पुढची तारीख दीड महिन्यानं. शुक्रवारी आणा. आणि मॅडम, माणूस येईल तसा आणा."

ती स्टुडिओत शिरली तेव्हा आप्पा कापायच्या पात्याला तेल लावत होते.

"आप्पा, तुम्ही मावशींचं कपाळ पुसलंत?"

"कुठल्या मावशी?"

"शिलाईवाल्या! दोनदा!"

"हां, त्या. अगं, केवढी ती रेघ! बाई परदेशात जाणार, चार लोकांच्या नजरेला फोटो पडणार..."

"चार लोकांच्या नाही, एका यंत्राच्या! व्हिसाचा फोटो आहे तो!"

"यंत्राला काय कळतंय?"

"तेवढंच कळतंय त्याला! दुसरं काही कळत नाही! आणि मी तिथं पन्नास माणसांत छाती ठोकून सांगत होते, आम्ही बोट लावत नाही म्हणून. माझी पाटी भिंतीवर, आणि तिच्या खाली बसून तुम्ही हा उद्योग करता!"

आप्पांनी तेलाची बाटली बंद केली. "तू नको सांगूस मला. तुझ्या फोनवर तुझा फोटो आहे ना, त्यातले पांढरे केस कुठं गेले?"

फोटोवालीनं फोन उलटा ठेवला. "ते मी मला विचारून काढले."

"मोठी आली विचारणारी. पन्नास वर्षं मी हे केलं. एका माणसानं फोटो परत आणून टाकला नाही."

"आणला ना. याच आठवड्यात दोनदा आणला."

आप्पांनी बाटली फळीवर ठेवली. म्हणाले, "बरं. आजपासून ब्रशला हात लावणार नाही. कापेन फक्त. तेवढं तरी ठेवलंयस, की तेही काढून घेतेस?" आणि भिंतीवरचं बटण दाबून त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. त्यात तिचं सकाळपासूनचं काम होतं, सेव्ह न केलेलं.

तिनं डोळे मिटले आणि मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजले. मग मावशींना फोन करून एवढंच सांगितलं, की चूक आमची आहे, उद्या सकाळी या.

गुरुवारी सकाळी मावशी आल्या. फोटोवालीनं त्यांना खुर्ची दिली आणि काय झालं ते न लपवता सांगितलं. मावशींनी ऐकलं. मग त्यांनी मान वळवली आणि मागच्या टेबलाकडे पाहिलं.

"परत तुम्हीच का हो, काका?"

"परत?" आप्पा म्हणाले.

"बाहेर काचेच्या कपाटात मधोमध एक बसलीय ना, गोरंपान कपाळ पुढं काढून? ती मी."

तो फोटो आप्पांचा जीव की प्राण. निळ्या मखमलीवर टाचलेला, अडतीस वर्षं रस्त्याकडे बघणारा. दर सोमवारी आप्पा तो स्वतः पुसत आणि म्हणत, याच्यावर आपलं दुकान उभं राहिलं. फोटोवाली बाहेर गेली आणि जन्मभर पाहिलेला तो फोटो तिनं पहिल्यांदाच पाहिला. डोळे तर वयानं बदलतात, गाल उतरतात. पण कान! डाव्या कानाची पाळी गालाला चिकटलेली, वरचं टोक जरासं दुमडलेलं. कानांना आप्पांनी कधी हात लावला नव्हता. ती आत आली आणि मावशींच्या कानाकडे बघत उभी राहिली.

आप्पा मात्र मावशींच्या कपाळाकडे बघत होते. ज्या चेहऱ्यावरची धूळ त्यांनी अडतीस वर्षं पुसली, तो समोर येऊन बसला तर त्यांनी ओळखला नव्हता. ओळखणार कुठून? ओळखायची खूणच त्यांनी पेन्सिलीनं भरून टाकली होती.

"वीस वर्षांची होते," मावशी म्हणाल्या. "स्थळ लांबचं. फोटो टपालानं जायचा होता. आई तुम्हाला म्हणाली, चांगला काढा. तुम्ही चांगला काढलात. लग्नाच्या दिवशी सासूनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, फोटोतली कुठंय? पुढं तीस वर्षं तेच विचारत राहिली. भाजी खारट झाली, फोटोतली कुठंय. दूध उतू गेलं, फोटोतली कुठंय."

"बाई गं," फोटोवाली पुटपुटली.

"नवरा वाईट नव्हता. पण तो फोटो त्यानं पाकिटातून कधी काढला नाही. मी समोर बसलेली असायची, आणि तो पाकीट उघडून तिच्याकडे बघायचा. सवत असती तर चार शब्द भांडता आलं असतं, झिंज्या धरता आल्या असत्या. कागदाशी भांडायचं कसं?" मावशी हसल्या, आणि ते हसू बघवेना. "माहेरी परत आले तर ती इथंही माझ्या आधी येऊन बसलेली. मग मी पलीकडून जाते झालं."

आप्पांनी हातातलं पातं टेबलावर ठेवलं. "मी तुझं चांगलंच करायला गेलो गं."

"ठाऊक आहे. म्हणून तर सहा वर्षांत भांडायला आले नाही. पण काका, ही रेघ कशाची, ते कधी विचारलंत का मला? मी सात वर्षांची होते. कडेवर दहा महिन्यांचा भाऊ. जिन्यावरून पाय सटकला. हात टेकले असते तर कपाळ वाचलं असतं. पण हातांत तो होता ना. त्याला खरचटलंसुद्धा नाही. आजी रोज माझे केस विंचरताना या रेघेवरून बोट फिरवायची. म्हणायची, हिनं सोडला नाही. आमच्या घरात ही रेघ म्हणजे दागिना होता. तुम्ही एका दुपारी काढून घेतलात, आणि आईला वाटलं, बरंच झालं."

फोटोवालीला कालचं भांडण अजून सुचत होतं, ठेवणीतली दोन वाक्यं जिभेवर तयार होती. वडिलांच्या चेहऱ्याकडे बघून तिनं ती गिळली. त्याचाही तिला वैताग आला. इतकी वर्षं भांडून जिंकायची वेळ आली, तर जिंकवेना.

"चला मावशी," ती म्हणाली. "उद्या शेवटचा दिवस आहे."

मावशी पांढऱ्या पडद्यासमोर बसल्या. फोटोवालीनं दिवे लावले, कॅमेरा डोळ्याला लावला.

"डावीकडचा दिवा दोन बोटं वर घे," मागून आप्पा.

"आप्पा, व्हिसाच्या फोटोला सावली चालत नाही."

"सावली पडणार नाही. समोरून झोत टाकलास तर रेघ बुजते. ती बुजवायला मी जन्मभर समोरून टाकला. मला विचार ना."

तिनं दात-ओठ खात दिवा दोन बोटं वर घेतला. आणि म्हातारा बरोबर निघाला. सावली कुठं पडली नाही, पण केसांतून भुवईपर्यंत ती पायवाट अशी उठून आली, की कुणीही तिच्यावरून चालत जावं.

फोटो पडद्यावर आला. आप्पा टेबलाशी आले, हात पाठीमागे बांधून. शाळेत फळ्यापाशी उभं केल्यासारखे. बराच वेळ बघत राहिले. मग एक बोट पुढं आलं.

"खांद्यावर पांढरा दोरा आहे. काढू का?"

हे विचारणं त्यांच्या तोंडून या खोलीत पहिल्यांदा निघालं होतं. फोटोवालीनं पाटीकडे पाहिलं, मग मावशींकडे. "मावशी, पंधरा दिवसांनी असेल का हो?"

"माझ्या खांद्यावर दोरा?" मावशी म्हणाल्या. "तो तर माझ्याबरोबर जाईल. राहू दे."

आप्पांनी छापलं. आप्पांनी कापलं. पण पाकिटाचं तोंड चिकटवलं नाही. फोटो तळहातावर घेऊन त्यांनी मावशींपुढं धरला. "बघ. आधी बघून घे."

मावशींनी चष्मा चढवला. कितीतरी वेळ त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हातारी झाले की हो मी."

"ते मी केलेलं नाही," आप्पा घाईनं म्हणाले.

शुक्रवारी दुपारी फोन आला. मावशींच्या मागे ऑफिसातला गलका ऐकू येत होता. "मारला गं शिक्का! कॅमेऱ्यानं एकदा बघितलं आणि हो म्हणाला. कारकून म्हणतो, आता कशा तुमच्यासारख्या दिसता!"

रविवारी निघायच्या आधी मावशी निरोप घ्यायला आल्या, अलीकडच्या फुटपाथवरून. काचेच्या कपाटापाशी त्या थबकल्या. मधली जागा रिकामी होती. उन्हानं विटून राखेच्या रंगाची झालेली मखमल, आणि मधोमध फोटोएवढा चौकोन तेवढा निळाशार.

आप्पांनी जुना फोटो कागदात गुंडाळून ठेवला होता. "तुझा आहे. काय करायचं ते कर. आणि तिथं नवा लावतो, परवाचा. मोठा करून. दोऱ्यासकट."

"अजिबात नाही!" मावशी म्हणाल्या. "आता कुठं सुटले तिथून. परत कशाला बसवताय? हा मात्र नेते. बाळाला दाखवीन, बघ रे, ही तुझी आजी नव्हे."

त्या गेल्या. आप्पा दारात उभे राहून निळ्या चौकोनाकडे बघत होते. "बरं दिसत नाही गं ते. काहीतरी लावून झाकू या?"

"राहू द्या, आप्पा."

"लोक विचारतील."

"विचारू द्या ना. कुणीतरी विचारू द्या एकदा!"

तेवढ्यात बँकेतले साहेब आले, नवा शर्ट घालून, जुन्या हनुवट्या घेऊन. "काका, ते माझं काम..."

आप्पांनी पाटीकडे बोट दाखवलं. साहेबांनी ती वाचली. पाटी वाचणारा पहिला माणूस. फोटोवालीला वाटलं, उठून त्यांना चहा द्यावा. तिनं साहेबांचा फोटो काढला आणि फाइल आप्पांकडे पाठवली. मग ती खरंच चहा ठेवायला आत गेली. आधण यायच्या आत मागच्या टेबलावरून माउसचा आवाज आला. टिक. टिक टिक.

"आप्पा!"

"पुटकुळी आहे गं, पुटकुळी!" बाहेरून आवाज आला. "आणि विचारलंय मी त्यांना!"